उघाडीवरची झोप

बाबा, काल तुला मोबाईलमध्ये घोरताना पाहिलं. तू बांधावर आडवा पडलेला, तोंड उघडं, पोट वरखाली होतंय आणि नाकातून करवत चालल्यासारखा आवाज. बटण दाबलं की दोन पोरं तुला ढोसून उठवतात, तू डोळे किलकिले करतोस आणि पुन्हा कुशीवर वळतोस. नातीच्या मैत्रिणी फोनवर हसून लोळल्या. मला हसू आलं नाही. उभ्या हयातीत तू एक दुपारसुद्धा बांधावर झोपला नाहीस, आणि हे डोळ्यांनी पाहिलेली मी एकटी उरले आहे.

नातीने ही वही दिली. म्हणाली, आजी, खांडीचं आठवतं तेवढं लिहून दे, मला खेळात घ्यायचंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही निम्मं तुझ्या शेतात गेलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण लिहायला बसले तर पहिला शब्द ‘बाबा’ पडला. आता खोडत बसत नाही.

ही माझ्या मुलाची मुलगी, पनवेलला असते. खेळ बनवते. खेळते ते वेगळं, बनवते म्हणून सांगते. त्यात गेम जॅम म्हणून एक प्रकार आहे. पावाला लावायचा जॅम तो वेगळा. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना एक विषय देतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्यावर छोटासा खेळ तयार करून पाठवायचा. दोन दिवस आंघोळ नाही, वेळेवर जेवण नाही. मी विचारलं, बक्षीस काय मिळतं? तर म्हणे काही नाही, मजा येते. मी म्हटलं, एवढ्या मजेत माझी दोन पोरं झाली असती.

मागच्या वेळी विषय आला, ‘सगळे धावतात’. तिने मला फोन केला. मी कोळंबी सोलत होते, हात घाण. तिने विचारलं, आजी, तुमच्या गावात सगळे एकदम कशासाठी धावायचे? मी म्हटलं, खांड पडली की. आणि फोन ठेवला. एवढंच आमचं बोलणं. तिनं काय करावं? तिच्या शहरातल्या गुजराती मैत्रिणीला विचारलं, तिनं सांगितलं खांड म्हणजे साखर. पोरीने खेळ बनवला. आभाळातून पांढरी साखर पडते आहे आणि अख्खा गाव टोपल्या घेऊन ती झेलायला धावतो आहे. मला आणून दाखवला तेव्हा मी विचारलं, हे पांढरं काय पडतंय? ती म्हणाली, खांड. बाबा, मी इतकी हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. खाडीचं पाणी बांध फोडून शेतात घुसतं, अन् या पोरीनं त्याची मिठाई केली.

गंमत बघ, परदेशातल्या लोकांना ती साखर आवडली. पुढे करा, मोठा करा, असं लिहिलं त्यांनी. जॅममधले बहुतेक खेळ तिथेच मरतात, असं ती सांगते. दोन दिवसांचं काम, चाललं तर चाललं. हा मात्र तिने पुढे न्यायचा ठरवला. त्यासाठी रजा काढून गावाला आली. मी तिला बांधावर नेलं. तुझी उघाडी आता तिथे नाही. शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला फळ्या टाकून खाडी अडवायची, ते लाकडी दार जाऊन सिमेंटचं झालंय, त्याला लोखंडी चाक आहे आणि ते गंजून बसलंय. पोरीने फोटो काढले, चिखल हातात घेऊन पाहिला, माझ्याकडून एकेक काम समजून घेतलं. साखर काढली, धावणं ठेवलं. मीही शिकवायला कंटाळले नाही. खेळात ती खांड मधूनच बुजवायला निघाली तेव्हा म्हटलं, दोन्ही टोकांकडून या, मधे चिखल ठरतो का? भरतीतच घमेली ओतायला लागली तेव्हा म्हटलं, ओहोटीची वाट बघ. तिचा एक मित्र आवाजांचं काम करतो, तो फोनवर म्हणाला, आजी, खेळणाऱ्याला थांबवून ठेवायचं नसतं, तो कंटाळून निघून जातो. मी म्हटलं, मग ते समुद्राला सांग. आता खेळात ओहोटीपर्यंत बसून राहावं लागतं. सगळे नुसते पाण्याकडे बघतात. तो मित्रच म्हणाला, हेच चांगलं झालं.

मग परवा तुझा धाकटा आला होता. माझा भाऊच तो, दात गेले पण जीभ शाबूत. त्याने पोरीला सांगितलं, आमच्या बापाला उघाडीवर झोप लागली म्हणून खांड पडली, गाव त्याला मरेपर्यंत झोप्या म्हणायचा. पोरीला रत्न सापडलं. एका दिवसात तू खेळात आलास. येत्या रविवारी ती तो खेळ लोकांना खुला करणार आहे, म्हणजे ज्याच्या हातात फोन त्याच्या हातात तू घोरत पडणार.

गावाच्या बैठकीत तू उभा राहिलास ते मला दिसतं. सगळ्यांची भातं खाऱ्या पाण्यात बसलेली. तुझ्या आज्यापासून उघाडी आपल्या घराकडे, तिथे लागणाऱ्या मासळीचा पहिला मान आपला. तू म्हणालास, “मला झोप लागली.” उघाडी काढून घेतली. घरी आईने विचारलं, पोर तिथं व्हती ना? तू माझ्याकडे न बघता म्हणालास, “वारा व्हता. हाक आयकू आली नसंल तिला.” सागरगोटे तूच मला चौलच्या वाडीच्या कुंपणातून काढून आणले होतेस, पाच. खांड बुजवताना चिखलात तीन सापडले, ते धुऊन कोनाड्यात ठेवलेस. त्याच्या पुढे एक शब्द नाही. एक थोबाडीत दिली असतीस तर तिथंच मिटलं असतं.

आज सकाळी भाकरी थापताना मी पोरीला म्हटलं, “तो म्हातारा काढ.”

“आजी, तोच सगळ्यांना आवडतोय.”

“त्याला झोप लागली नव्हती.”

“मग खांड पडली कशी?”

“फळ्या मी टाकायच्या होत्या. तो पल्याडच्या टोकाला खेकड्यांची बिळं बुजवत होता, तिथून त्याने हाक मारली. मी सागरगोटे खेळत बसले.”

तव्यावरची भाकरी करपली. पोरगी रडेल, मला जवळ घेईल, अशी मला धास्ती होती. तिने विचारलं, “किती वर्षांची होतीस?” म्हटलं, नऊ. मग ती म्हणाली, “कसे खेळतात ते दाखव.” शहाणी आहे. अंगणातले पाच खडे घेऊन मी उडवून दाखवले, बोटं आखडली आहेत तरी चार झेलले. तिने ते टिपून घेतलं. संध्याकाळपर्यंत तू खेळातून गेलास आणि तुझ्या जागी एक पोर आली. आता आधी सागरगोटे खेळावे लागतात. मागे पाणी चढत असतं. ज्याचा हात चांगला बसतो तो मागे बघत नाही आणि त्याचीच खांड सगळ्यात मोठी पडते. मी खेळून पाहिलं. माझी सगळ्यात मोठी पडली.

मग तिने विचारलं, “आजी, बापाने हाक मारलेली तिला ऐकू येते का? येत असेल तर आवाज स्वच्छ ठेवते. नसेल तर वाऱ्यात बुडवते.”

मी म्हटलं, “वाऱ्यात बुडव.”

ही पानं मी फाडून घेणार आहे. तिला खांडीचं दुसऱ्या पानावर लिहून देईन, घमेली किती माणसं उचलतात ते. बाबा, त्या दुपारी वारा पडलेला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. तू दोनदा हाक मारलीस, दोन्ही मला नीट ऐकू आल्या. चार हातात होते आणि पाचवा वर होता.