चिनूचं बायोलॉजी

४ जुलै
डॉक्टर "हो" म्हणाले. मास्क लावून, गर्दी सांभाळून, पण कॉलेज सुरू झालं की जायचं.  तारनाक्याला रिक्षातून उतरताना चिनू म्हणाली, "आई, बाकीच्या पोरींचं इंटर, अकरावी-बारावी, कॉलेजात झालं, माझं पलंगावर. डिग्रीचं बायोलॉजी मला जमंल का?" ऑपरेशनला वर्ष झालं. माझी किडनी तिच्या पोटात बरी चाललीय. जमेल म्हटलं. मला काय कळतंय, मी कॉमर्सवाली.

७ जुलै
सुलतान बाजार. त्या गर्दीत लेकीला कशी नेणार, एकटीच गेले. जुन्या पुस्तकांचं दुकान. दुकानदार म्हणाला, "अम्मा, आप पढ़ते?" हौ म्हणून टाकलं. त्याने धूळ झटकून बायोलॉजीचं पुस्तक दिलं. घरी आणून जंतू जावेत म्हणून दिवसभर उन्हात ठेवलं. चिनू हसत होती.

९ जुलै
दुपारची शिकवणी सुरू. ती मास्तरीण, मी विद्यार्थिनी. दुसऱ्याला सांगितलं की तिचं पक्कं होतं म्हणे. आज पेशी. तिला मराठी शब्द येत नाहीत, मला इंग्रजी. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीचं स्वयंपाकघर समज, म्हणाली. हे पेपरामागून म्हणाले, "मग चहा तिथूनच येऊ दे."

१५ जुलै
किडनीचा धडा आला. तिने पानं उलटली, पुढे गेली. मी मागे आणलं. चित्रात दोन. "माझ्यात तीन, आई, तुझ्यात एक." तिच्या जुन्या दोन काढल्या नाहीत, तशाच आहेत आत. दोघी हसलो. हसता हसता रडायलाच लागली.
"मी फेल झाले तर तुझी वाया गेली ना?"
जवळ घेतलं. "येडी. मार्कांसाठी दिली का मी? नुसती लोळत पडलीस तरी ती तुझीच."
 दूध उतू गेलं ते कुणी बघितलंच नाही.

१६ जुलै
आज तिने तोच धडा आपण होऊन काढला. चित्रावर बोट ठेवून सांगितलं, रक्त कुठून येतं, गाळून कुठे जातं. मधेच, "तुला दुखतं का अजून?" वर्षात पहिल्यांदा विचारलं. खरं तेच सांगितलं. कूस बदलताना, थोडं.

२४ जुलै
रिपोर्टात क्रिएटिनिन जरा वाढलंय, म्हणजे किडनी थोडी कमी गाळतेय. डॉ. म्हणाले, पाणी कमी पडलं असेल, सोमवारी परत तपासू. सोमवारीच पहिला क्लास. हे म्हणाले, आठवडाभर थांबू या.
"नक्को पप्पा. घरी बसून कमी होतंय का ते?"
हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं मी ह्यांच्या बाजूने बोलेन. नाही बोलले.

२७ जुलै, सोमवार
सकाळी तपासायला रक्त दिलं, तिथून थेट कॉलेज. गेटातून वळून पाहिलंसुद्धा नाही तिने. बरं वाटलं. वाईटही.
दुपारी फोन. मास्कमुळे अर्धं कळेना. "आई, सरांनी पेशीच घेतली! मी हात वर केला, आणि..." मागून कुणीतरी हाक मारली. "ठेवते, प्रॅक्टिकल आहे."
रिपोर्ट आलाय मोबाइलवर. हे दोनदा म्हणाले, उघड. मी म्हटलं, तिचा आहे, ती आल्यावर तिच्याबरोबर बघू.
आता हे गॅलरीत उभे आहेत केव्हाचे, तिच्या वाटेकडे बघत. मीही जाते.