चार सेकंद

आबा,

पाया पडते. स्पितीत सुखरूप पोचले. थंडी लई हाय, पण तुमचं घोंगडं सोबत हाय. आईचा गुडघा कसा हाय?

हितले उघडे डोंगर बघितले की आपला कळसचा माळ आठवतो. माझ्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याचं भोक बारीक केलं, की पायाजवळच्या गवतापासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं स्वच्छ येतं. पण उजेड कमी पडतो, म्हणून सांजच्याला शटर चार सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात जे हललं ते पुसट होतं.

माळावरच्या पहिल्या फोटोत मेंढरं धुरासारखी आली व्हती. तुमी तेवढे काठीवर हनुवटी टेकून दगडासारखे उभे. आई म्हणली, "ह्यांना चार तास उभं करा, हलायचे न्हाईत."

यंदा दिवाळीला तितंच, तेवढाच वेळ धरून पुन्हा काढला. आता मेंढरं न्हाईत, तुमी एकटेच. काठीवरचा हात पुसट आला. "वारं असंल," तुमी म्हणलात. मीबी व्हय म्हणले.

सोमवारी मल्हारदादाच्या गाडीवर बारामतीला डॉक्टरांकडं जाऊन या. वारं नव्हतं, आबा. गवताचं पातंन् पातं स्वच्छ आलंय.

तुमची,
छकुली