पात्यातली फट

गुरुवार, संध्याकाळ. वारूळवाडी.

आत्ताच येडगावहून आले. लिहूनच टाकते.

संदेश माझा भागीदार होता. पालक कापायच्या मशीनचं पातं मी दोन हंगाम खपून बसवलं आणि त्यानं ते स्वतःचं म्हणून मिरवलं. आज त्याच्या मावशीच्या शेतात त्याचं प्रात्यक्षिक होतं. मी मुद्दाम पुढंच उभी राहिले.

मशीन सुरू झालं आणि पालक कापला जायच्या ऐवजी चेंगरून बाहेर पडायला लागला. मला बघताक्षणी कळलं. वरच्या आणि खालच्या पात्यात फट जास्त राहिली होती. पातं चोरलं, पण फट किती ठेवायची ते कुठून चोरणार?

तो घामाघूम होऊन माझ्याकडं आला. "ताई, जरा बघ ना."

ताई! इतकी वर्षं नुसत्या नावानं हाक मारायचा.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "डिझाइन तुझं ना? मग काय बिघडलंय ते तूच सांग."

तो उगाच मशीनचे नट पिळायला लागला. म्हणे ताई!

मावशी कळवळल्या. "आगं, माझा पालक चाललाय. तुमी नंतर भांडा की."

त्यांचं खरं होतं. मी म्हटलं, "मावशी, उरलेला उद्या मी माझ्या मशीननं कापून देते. पण मागनं क्रेट संदेशच उचलणार."

मावशींनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो हो म्हणाला.

मी दुष्ट आहे का? असेन. उद्या एकूण एक क्रेट शिगोशीग भरणार आहे.