टॉवरखाली

आई, धाकट्याला लोकांनी मारलं. जिवंत आहे, हे आधी सांगते, नाहीतर तू पुढचं काही ऐकायची नाहीस. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे बटणांचा एकच फोन होता, तोही तू फडक्यात गुंडाळून ठेवायचीस. आता धाकटा मोबाइलच्या टॉवरवर दुरुस्तीची कामं करतो. मध्यंतरी कुणीतरी कंप्युटरमध्ये शिरून सगळ्यांचे फोन एकदम बंद पाडले. सायबर हल्ला म्हणतात. बँका बंद, सिग्नल बंद, कुणाचा कुणाला पत्ता नाही. पहिला दिवस लोकांनी हसण्यावारी नेला. दुसऱ्या दिवशी नौपाड्यात आमच्या खालच्या मेडिकलवाल्याची काच फोडली, तेव्हा मला राहवेना. धाकटा टिटवाळ्यात एकटा. मी स्कूटर काढली.

त्याच्या दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मागच्या बिल्डिंगवर गेलाय गं. टॉवर चालू होतो का बघतो म्हणाला." तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. मी धावले, काकू माझ्या मागे.

गच्चीवरून त्याला ओढत खाली आणलेलं. त्याचंच हेल्मेट घेऊन एकजण त्याच्या तोंडावर हाणतोय, दुसरा बरगड्यांत लाथा घालतोय. "ह्यानेच बंद केलंय सगळं. वायरी कापत होता साला, बॅगेत लॅपटॉप आहे बघ." एक माणूस, "माझा बाप गेला रे, अँब्युलन्सला फोन लागला नाही," म्हणत रडतोय आणि रडत रडतच मारतोय. धाकटा कंपनीचं कार्ड वर धरतो, तर त्या हातावर बूट पडतो. हाड मोडल्याचा आवाज मला आला.

कल्याणच्या घरी आम्ही भांडलो की तू पोळ्या लाटता लाटता दोघांनाही लाटण्याचा एकेक प्रसाद द्यायचीस. म्हणायचीस, "घरात काय त्या झिंज्या उपटा एकमेकांच्या. बाहेर कुणी एकावर हात टाकला तर दुसऱ्याने बघत राहायचं नाही." मी घुसले. "भाऊ आहे माझा, सोडा त्याला." कुणी केस धरले, कुणी पोटात कोपर मारलं. मी त्याच्यावर आडवी पडले. पाठीत लाथा बसत होत्या, आणि खाली तो पुटपुटत होता, "ताई, तू जा." शेवटी काकू मध्ये पडल्या. "अरे, इथलाच पोरगा आहे. गणपतीत तुमच्या मंडळाचं लायटिंग कोण करतं?" मग एकेकाचा हात थांबला.

हातात प्लेट घातलीय. डाव्या कानाने ऐकू येत नाही. तो हॉस्पिटलात पडलेला असताना फोन सुरू झाले. त्याचा तडा गेलेला मोबाइल आणि माझा, दोन्ही माझ्या पर्समध्ये एकदम वाजले. त्याचा अडकलेला मेसेज मला आला: ताई, टॉवर चालू करायला जातोय, झाला की पहिला फोन तुलाच. तो शेजारीच झोपलेला, डोळे सुजून बंद.

परत कामावर जाणार म्हणतो. जाऊ दे, मी अडवणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक लिहिते. त्यालाही बोलले नाही. लोक पांगायला लागले तेव्हा तो बाप गेलेला माणूस मागे सरून हात जोडून उभा होता. मी फरशीचा तुकडा उचलून त्याच्या तोंडावर मारला. दात पडला, रक्त आलं, तरी परत मारला. काकूंनी मनगट धरलं म्हणून थांबले. मला बरं वाटत होतं, आई.