आईच्या नावावर राहणारे खाते

मी, खाली सही करणारा, सोफा-खुर्च्यांना नवे कापड चढवणारा कारागीर, वय चोवीस, हा कागद स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. भीती वाटते आहे. पण भीती म्हणजे दबाव नव्हे, असे दुकानाच्या मालकांनी सांगितले. उद्या माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही," आणि लगेच सहीसाठी कागद पुढे सरकवला. म्हणून माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहती खोली भाड्याची असल्याने ती कोणाला देता येत नाही. आतले कपाट, पंखा व पलंग आईचे. पलंगाच्या डाव्या पायाखालचा टेकू काढू नये.

२. वाकडी सुई, लहान हातोडी व पट्टे ताणायची फळी ही माझी हत्यारे दुकानातल्या मुक्याला द्यावीत. तो मुका नाही; दिवसभर तोंडात खिळे धरून काम करतो, म्हणून हे नाव. मोठी कात्री त्याच्याकडेच आहे. ती माझ्याकडून उसनी नेली होती, एवढे त्याने खिळे बाहेर काढून एकदा कबूल करावे, मग ती त्याचीच. हत्यारे त्याला मिळणार असल्याने त्याला साक्षीदार केलेले नाही. राग मानू नये.

३. बँकेचे खाते. याची व्यवस्था मला लावता आलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

खाते मी लहान असताना उघडले, त्यामुळे त्यावर आईचेही नाव आहे. पाच तारखेला त्यातून भाडे आपोआप जाते. मागे आमच्या दुकानाने याच बँकेच्या शाखेतल्या बसायच्या खुर्च्या नव्याने शिवून दिल्या. बिल वरून मंजूर व्हायचे होते, म्हणून बँकेने पैसे थांबवले. म्हणून मालकांनी आमचा पगार थांबवला. पाच तारखेला माझ्या खात्यात पुरेसे पैसे नव्हते, तरी बँकेने भाडे देऊन टाकले. मला वाटले, बँक किती चांगली. मग त्याचे शुल्क लागले. जेवढे कमी पडले होते, जवळपास तेवढेच.

मी तूट भरली, नेमकी, एक पैसाही जास्त नाही, कारण हिशेब चोख असावा. पण शुल्क महिनाअखेरीस कापले गेले, खाते पुन्हा शून्याखाली, आणि त्यावर पुन्हा शुल्क. मी पुन्हा नेमकी तूट भरली. दुसऱ्या कोणी आधीच थोडे जास्त भरले असते. मला हे कळले तोवर जास्त भरायला काही उरले नव्हते.

काउंटरवरच्या बाईंना मी विचारले, "मॅडम, पैसे नसतील तर भाडं देऊच नका ना. घरमालकाचं मी बघून घेईन."

"तशी सोय आहे. पण आधी थकलेलं भरावं लागेल."

"खातं बंद केलं तर? नाहीतर आईचं नाव तरी काढा."

"त्यालाही तेच."

"मग हे कापतं कोण?"

"सिस्टिम," त्या म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भावाचंही कापलं. मला थांबवता आलं नाही."

४. माझे घड्याळ दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना. ते पाच मिनिटे पुढे आहे, मुद्दाम लावलेले. दाजी बसमध्ये तिकीट तपासनीस आहेत. ते म्हणाले, "दंडच नसेल तर तिकीट काढेल कोण? पैसे नव्हते आणि खर्च झाले, तर भर गुपचूप." त्यांचे निम्मे मला पटते. पैसे बँकेचे होते, तिने काहीतरी घ्यावे. मी म्हणालो, "दाजी, तुमचा कंडक्टर दारात विचारतो तरी. मला कोणी विचारलं? आणि दंड तुटीएवढा? बँकेनंही आमचं बिल लटकवलं होतं. तिला कोणी लावला दंड?"

"तिला कोण लावणार, वेड्या," म्हणून दाजींनी चहा संपवला.

५. या महिन्याचा पगार रुग्णालयात भरला आहे. उद्या मी टेबलावर असताना भाडे जाईल आणि खाते खाली जाईल. मी उठलो नाही, तर बँक आईकडे मागेल. ती लोकांचे कपडे इस्त्री करते. तिला हे सांगितले, तर म्हणाली, "तू आधी बरा हो. बँक कुठं पळून जात नाही."

"तेच तर, आई."

६. आईला बँकेत जावे लागेलच. नंबर यायला फार वेळ लागतो. खिडकीजवळची शेवटची खुर्ची मी शिवलेली आहे. उरलेला सगळा फोम तिच्या पाठीत घातला आहे, हे मालकांना आता कळेल. आई, तिथे बस, पाठ दुखणार नाही. त्या बँकेत तुझ्यासाठी मला एवढेच ठेवता आले.

हे सर्व वाचून, पुन्हा एकदा तपासून सही केली.

सही : कारागीर

साक्षीदार :
दुकानाचे मालक (कलम तीन व सहा वाचूनही सही केली)
खालच्या मजल्यावरचे शिंपी

स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : चार. भाडे उद्या.