पेन्सिलीतली ओळ

आप्पा,

मंत्री मधे पडणार नाहीत. आज दुपारी चार वाजता त्यांच्या स्वीय सहायकांनी फोनवर तसा दुजोरा दिला. गुप्तवार्ता खात्याचे जुने अहवाल पाहायला मिळावेत म्हणून आमदारांची एक समिती कित्येक महिने मागे लागली आहे, आणि खात्याचे प्रमुख कपाट उघडायला तयार नाहीत. दोघांनीही मंत्र्यांकडे तक्रार नेली. मंत्र्यांचं म्हणणं, दोन्ही बाजू जाणत्या आहेत, त्यांनी आपसात मिटवावं. सहाच्या आत अग्रलेख द्यायचा होता, दिला. मधे न पडणं हाही एक निर्णयच असतो, असं त्यात लिहिलं. लिहिताना तुमचे साहेब आठवत होते, म्हणून हे तुम्हाला.

तुम्ही पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेतले हवालदार. साध्या कपड्यांत, सायकलवर, गिरणीच्या गेटासमोरच्या हॉटेलात तासन्‌तास एक चहा पुरवणारे. अख्ख्या गल्लीला तुमचं काम ठाऊक होतं. तुम्ही आलात की लोक मुद्दाम पावसापाण्याचं बोलायचे. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही वही काढता. आई भाकरी थापते आहे. डोळ्यांनी पाहिलेलं तुम्ही शाईनं लिहिता, कानावर आलेलं पेन्सिलीनं. हा नियम खात्याचा नव्हता, तुमचा होता. पण अक्षर वाईट. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हवालदार, हे तुम्ही लिहिलंय का कोंबडीनं?" तेव्हापासून आठवड्याच्या अहवालाची स्वच्छ प्रत मी काढू लागले. मी सहावीत होते. पोलिसाचा गोपनीय कागद पोरीच्या हातात द्यायचा नसतो, हे तुम्हाला माहीत होतं. पण त्या टोमण्यानंतर तुमचा इलाज चालला नसावा.

त्या वर्षी गिरणीत संप होता. पलीकडच्या गल्लीतले मास्तर उर्दू शाळेत हंगामी होते, कायम व्हायचे होते, आणि चौकशीचा कागद तुमच्याकडे आला होता. तुम्ही शाईनं लिहिलं की ते वेळेवर शाळेत जातात, व्यसन नाही. खाली पेन्सिलीनं एक ओळ होती, संपवाल्यांना पत्रकं लिहून देतात असं ऐकलं. मी सगळं निळ्या शाईनं उतरवलं, एकाखाली एक, सुबक. 'असं ऐकलं' हे शब्द ओळीत मावेनात, म्हणून गाळले. तुम्ही न वाचता सही केलीत. साहेबांनी अक्षराचं कौतुक केल्याचं तुम्ही जेवताना सांगितलंत.

पुढच्या महिन्यात मास्तरांची नोकरी गेली. तुम्ही वही आणि माझ्या प्रतीची ठाण्यात ठेवलेली नक्कल शेजारी ठेवून पाहिलीत आणि साहेबांकडे गेलात. साहेब म्हणाले, कागद वर गेला, आता शाळा आणि वरचे बघून घेतील, आपण मधे पडायचं नाही. हे तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, मग माझ्याकडे वळलात.

"पेन्सिलीचं पेनानं लिवलंस व्हय, पोरी?"

एवढंच. आवाज चढला नाही. दुसऱ्या दिवशी एक नवी पेन्सिल आणून दिलीत. मास्तरांकडे मात्र तुम्ही गेला नाहीत. त्यांनी पुढे आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि त्यांच्या शिडीखालून जायला नको म्हणून तुम्ही सायकल लांबच्या रस्त्यानं घ्यायचात. मी अजून ऐकीव माहिती पेन्सिलीनं टिपते. कचेरीतली नवी मुलं हसतात.

मास्तर अजून आहेत, आप्पा. दृष्टी गेली आहे, कान शाबूत. कागदात काय होतं ते कळावं म्हणून त्यांच्या मुलीनं समितीकडे अर्ज केला आहे, आणि समितीलाच कपाट उघडून मिळत नाही. गेल्या आठवड्यात दोघं माझ्याकडे आले. बातमी छापा म्हणाले. मी विचारलं, आता कळून काय करणार?

"नोकरी मागत न्हाय की. आता कबरीत फळा लावू का?" मास्तर हसले. मग म्हणाले, "काय लिवलं हुतं तेवढं ऐकून जाऊ दे. मी काय केलो, त्ये मलाच ठाऊक न्हाय."

मी म्हटलं, हा समिती आणि खात्यातला प्रश्न आहे, त्यांचं काय ठरतं ते बघू. साहेबांचंच वाक्य, थोडं सुधारून. तेव्हा तुम्ही गेल्यापासून जपलेली तुमची वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

समितीची बैठक सोमवारी आहे; खात्याचे प्रमुख येणार नाहीत, असं समितीतले एक आमदार सांगतात. हे मी पेन्सिलीनं टिपलं आहे. मास्तर आणि त्यांची मुलगी उद्या अकरा वाजता पुन्हा येतील. वही काढून टेबलावर ठेवली आहे. ओळ पुसट झाली आहे, पण वाचता येते. ती मी त्यांना वाचून दाखवीन, 'असं ऐकलं' सकट, आणि अक्षर तुमचं आहे हेही सांगेन. स्वच्छ प्रत कुणी काढली, हे मास्तर विचारणार नाहीत. त्यांना तशी प्रत होती हेच माहीत नाही. न विचारता ते सांगायचं, इतकं हे पत्र लिहिताना ठरलं आहे. पण अजून धीर होत नाही, म्हणून हा कागदही मी पेन्सिलीनंच लिहिला आहे.