छापण्याआधी वाचून दाखवलेला लेख

१२ मार्च

दादा,

अकरा वर्षं बोललो नाही, माफ कर. मी पंचांवर रॅकेट फेकली, तेव्हा तू माझ्यावर लेख लिहिलास आणि छापण्याआधी फोनवर वाचून दाखवलास.

"काही खोटं असेल तर सांग, काढतो."

"नाही," म्हणालो आणि फोन आपटला. छापलेला लेख कधी वाचलाच नाही.

आज टेनिस अकादमीने मला प्रशिक्षक नेमलं. प्रमुख बाईंनी तुझ्या लेखाची शेवटची ओळ दाखवली: 'हे मी त्याला वाचून दाखवलं, त्याने एक शब्दही नाकारला नाही.'

"चूक मान्य करणारा माणूस हवा होता," त्या म्हणाल्या.

एवढं झोडपूनही माझ्या बाजूचं लिहायला विसरला नाहीस. फार उपकार झाले रे. पण पंचांची माफी मी अजून मागितलेली नाही. तोवर हे पत्र कुठल्या तोंडाने टाकू?

तुझा,
धाकटा

उद्या: पंचांच्या घरी जाणे.